भाकरीसोबत काय खाता?

आप्पांच्या गळ्याभोवतीचा पट्टा आमच्या गल्लीने पहिल्याच दिवशी नागीण ठरवून टाकला. शेजारच्या मावशींनी निदान आणि उपचार एका दमात सांगितले: गेरू लावा, आणि तोंड-शेपूट जुळायच्या आत उतरवून घ्या, जुळलं की माणूस हाती लागत नाही. सोलापूरच्या साखर पेठेत नागीण कोण उतरवतं हे कुणाला शोधावं लागत नाही. गेरू लागला. पट्टा आधी लालसर होता, मग तपकिरी झाला, मग काळपट पडून त्यावर खवले धरले. मावशी म्हणाल्या, "बघ, सुकलालीय."

नागीण बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला येते, पाण्याचे फोड येतात, ठणका मारतो. आप्पांचा पट्टा दोन्ही बाजूंना सारखा होता. शर्टाच्या गळ्याबाहेर जेवढी कातडी उघडी राहते, बरोबर तेवढाच. दोन्ही हातांच्या पाठीवर आणि मनगटाच्या वर अर्ध्या बाहीपर्यंत तसंच. पायांवर जिथे चपलेबाहेर ऊन लागतं तिथेही. पण हे सगळं एकत्र कोणी पाहिलंच नव्हतं. गळा मावशींनी पाहिला, हात गल्लीतल्या डॉक्टरांनी पाहिले, पाय कोणीच नाही.

आप्पांचं वय सत्तरीच्या पुढे. उभी हयात टॉवेलच्या कारखान्यात गेली. आई गेल्यापासून ते एकटे राहतात, भाऊ पुण्याला, मी विजापूर रोडला. "ये म्हणालीस की आलो, पण राहायला माझीच खोली" हा त्यांचा कायदा. दिवाळीच्या पुढे-मागे खोकला हटेना म्हणून तपासलं तर टीबी निघाला. सरकारी गोळ्या सुरू झाल्या, रोजच्या रोज, वजनाच्या हिशेबाने, सहा महिन्यांचा कोर्स. खोकला भराभर कमी झाला. वजन मात्र वाढायचं नाव घेईना, आणि संक्रांतीनंतर एकेक गोष्ट सुरू झाली.

आधी तोंड आलं. जीभ लालभडक, गुळगुळीत, चहासुद्धा पोळायचा. मग जुलाब, थांबून थांबून. गोळ्या गरम पडतात, हे सगळ्यांनी मान्य केलेलं कारण. मग शिमगा झाला, ऊन तापायला लागलं, आणि सकाळी ओट्यावर बसायची सवय असलेल्या आप्पांचे हात उन्हाने भाजल्यासारखे लाल झाले. सोलापुरात एप्रिलमध्ये हात काळे पडले याचं कोणाला नवल? पारा चाळिशी ओलांडतो, अख्खं गाव काळं पडतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी बुरशीचं मलम दिलं. खाज नव्हतीच, आग होती. मलमाने काही फरक पडला नाही.

आणि मग डोकं. रात्रभर जागे, दिवसा चिडचिड. एकदा मी गेले तर दार उघडं, स्टोव्हवर रिकामं पातेलं, आणि आप्पा म्हणतात, "तुझी आई दूध आणायला गेलीय, येईल आत्ता." भावाने फोनवर सांगितलं, वय झालंय, विस्मरण सुरू झालंय, पुण्यात एखादा न्यूरॉलॉजिस्ट बघू. आत्या म्हणाली, एकट्या माणसाचं असंच होतं. कातडीचं कारण ऊन, पोटाचं कारण गोळ्या, डोक्याचं कारण वय. तिन्ही कारणं इतकी पटणारी होती की चौथं शोधायची कोणाला गरजच वाटली नाही.

सिव्हिलच्या त्वचारोगाच्या ओपीडीत नेलं ते हातावरची कातडी फाटून पाणी यायला लागलं म्हणून. केसपेपर काढला, रांगेत बसलो. आत एक निवासी डॉक्टर होती, माझ्या पुतणीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने आप्पांना दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला सांगितले. मग शर्टाची बाही वर सरकवली. तिथे कातडीवर रेघ होती, आखून काढल्यासारखी सरळ: वर नेहमीची गव्हाळ कातडी, खाली तव्यावर करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी काळी, कडक, कडेने सुटत चाललेली. तिने दुसरी बाही सरकवली. तिथेही तीच रेघ, त्याच उंचीवर. ती काही बोलली नाही. शर्टाचं वरचं बटण काढलं, गळा पाहिला. चप्पल काढायला लावली. "जीभ दाखवा आजोबा." जीभ पाहिली.

मग तिने विचारलं, "आजोबा, जेवता काय?"

"भाकरी."

"भाकरीसोबत काय खाता?"

आप्पा थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चहा."

मला वाटलं डोकं फिरलंय म्हणून असं उत्तर देतायत. पण ते खरं बोलत होते. आमच्याकडे कडक भाकरी मिळते, पातळ, वाळवलेली, पापडासारखी कुरकुरीत, महिना-महिना टिकणारी. एकट्या माणसाला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. आप्पांचे बहुतेक दात काढलेले. कडक भाकरी चावत नाही म्हणून चुरून चहात भिजवायची, सकाळी तसंच, रात्रीही तसंच. दुपारी आमटीच्या नुसत्या पाण्यात. डॉक्टर एकेक विचारत गेली आणि एकेक गोष्ट गळाली. शेंगाची चटणी? दातात नाही, हिरड्यात रुतते, बंद केली. दूध? टीबीत कफ होतो असं कोणीतरी सांगितलं, बंद. डाळ? गॅस होतो. अंडी, मटण? गळ्यात माळ आहे, तो प्रश्नच नाही. दारू? "छे."

तिने आतल्या खोलीतून वरिष्ठ डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हात बघितले, गळा बघितला आणि म्हणाले, "विद्यार्थ्यांना बोलवा." पाच मिनिटांत आप्पांभोवती पांढऱ्या कोटांची गर्दी. पेलाग्रा. ब-3 जीवनसत्त्वाची, म्हणजे नायासिनची कमतरता. कातडी, पोट आणि मेंदू या तिन्हींवर एकदम हल्ला, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतोही. गळ्याच्या पट्ट्याला वैद्यकात 'कॅसलचा हार' म्हणतात. गास्पर कॅसल नावाच्या वैद्याने 1735 साली स्पेनमधल्या गरीब शेतकऱ्यांमध्ये हा रोग पहिल्यांदा टिपून ठेवला, त्याच्या नावाने. आमच्या गल्लीची नागीण ती हीच.

मी विचारलं, रक्ताची कोणती तपासणी करायची? वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, याची तपासणी लघवीतून होऊ शकते पण ती सगळीकडे होत नाही, आणि तिच्यासाठी थांबायचंही कारण नाही. कातडी बघून आणि जेवण विचारून निदान होतं, औषध दिलं की दोन-चार दिवसांत माणूसच सांगतो निदान बरोबर की चूक. हिमोग्लोबिन, प्रथिनं, क्षार वगैरे बाकीचं रक्त तपासलं. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं होतं आणि डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून भरती करून घेतलं.

टीबीच्या गोळ्यांचा यात हात होता, पण सगळे समजत होते तसा नाही. आपलं शरीर थोडं नायासिन स्वतः बनवतं, प्रथिनांमधल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून. साधारण 60 मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमधून 1 मिलिग्रॅम नायासिन. या कामाला ब-6 जीवनसत्त्व लागतं, आणि टीबीच्या गोळीतलं आयसोनियाझिड नेमकं ब-6 च्या आड येतं. म्हणून टीबीच्या पेशंटला गरजेप्रमाणे पायरिडॉक्सिनची, म्हणजे ब-6 ची, एक छोटी गोळी वेगळी देतात. आप्पांनाही दिली होती. त्याच संध्याकाळी त्यांचे कपडे आणायला खोलीवर गेले तर सुपारीच्या डबीत त्या गोळ्या सगळ्या जमवलेल्या. "मोठ्या गोळ्या औषधाच्या, ही लहान उगाच वाढवायला देतात," हे आप्पांचं तर्कशास्त्र. जेवणातून नायासिन नाही, बनवायला प्रथिनं नाहीत, आणि जी थोडी होती त्यांचंही नायासिन होऊ नये याची व्यवस्था सुपारीच्या डबीत. डॉक्टरांनी टीबीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं. टीबीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, लहान गोळी समोर बसून गिळायला लावायची.

औषध म्हणजे निकोटिनामाइड, नायासिनचाच एक प्रकार, 100 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. सोबत बी-कॉम्प्लेक्स, कारण एक जीवनसत्त्व कमी असलं की बाकीचीही सहसा कमीच असतात. सलाईन, ओआरएस, कातडीला साधं व्हॅसलीन, आणि उन्हात अजिबात जायचं नाही. एवढंच. वॉर्डात तेवढी गोळी नव्हती म्हणून बाहेरून आणायची होती आणि ती आणताना मात्र नाकी नऊ आले. एका दुकानदाराने कोलेस्टेरॉलवरची नायासिनची गोळी पुढे केली. डॉक्टरांनी ती आणू नका असं आधीच बजावलं होतं, ते निकोटिनिक ॲसिड, नायासिनचा दुसरा प्रकार, त्याने तोंड-अंग लाल होऊन आग उठते, आणि आप्पांच्या अंगाची आधीच आग होत होती. दुसऱ्याने चेहऱ्याला लावायचं जेल काढलं. पुतणीला फोनवर नाव सांगितलं तर ती म्हणाली, "नायासिनामाइड? अगं आत्या, माझं सीरम तेच तर आहे! आणू का?" गंमत म्हणजे ती बरोबर होती, निकोटिनामाइडचंच ते दुसरं नाव. ज्या जीवनसत्त्वाची बाटली ती पिंपल्ससाठी तोंडाला लावते, तेच तिच्या आजोबांच्या पोटात नव्हतं. पण ही तूट वरून लावून भरत नाही, पोटातूनच घ्यावं लागतं. शेवटी पार्क चौकाच्या बाजूला गोळी मिळाली, आणि इतकी स्वस्त की मी दोनदा विचारलं, हीच ना?

वॉर्डात आत्या बघायला आली ती पदर नाकाला लावून. आप्पांचं भांडं, पेला टीबीपासून वेगळाच होता, आता चादरीलाही हात लावायचा नाही म्हणाली. तिला समजावणं माझ्याच्याने झालं नाही, पण रात्री कॉटशेजारी बसून मोबाइलवर वाचत होते तेव्हा अमेरिकेतल्या जोसेफ गोल्डबर्गरची गोष्ट सापडली आणि दुसऱ्या दिवशी तिला ती ऐकवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात हा रोग हजारो माणसांना होत होता, आणि बड्या-बड्या डॉक्टरांनाही तो संसर्गाचाच वाटायचा. 1914 साली सरकारने गोल्डबर्गरला पाठवलं. त्याने अनाथाश्रम आणि वेड्यांची इस्पितळं पाहिली आणि एक साधी गोष्ट हेरली: रोग्यांना पेलाग्रा होतो, त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना होत नाही. एकाच छताखाली राहून. फरक ताटात होता. मका, गुळाची काकवी आणि डुकराची चरबी एवढ्यावर जगणाऱ्यांना रोग, दूध-अंडी-मांस खाणाऱ्यांना नाही. अनाथाश्रमात मुलांचं जेवण सुधारलं, रोग गेला. 1915 मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर निरोगी कैद्यांना, शिक्षा माफ करण्याच्या बोलीवर, तसंच निकृष्ट जेवण दिलं. 11 पैकी 6 जणांना पेलाग्रा झाला. तरी लोक ऐकेनात. तेव्हा 1916 साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त टोचून घेतलं, त्यांच्या कातडीचे खवले आणि मलमूत्र पिठाच्या गोळ्यांत घालून गिळलं. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. आत्याने पदर काढला, पण तो बहुधा किळसेने काढला असावा. "इश्श, जेवायच्या वेळेला काय सांगतेस!" नायासिनच हे जीवनसत्त्व आहे हे 1937 साली कॉनरॅड एल्व्हजेम यांनी दाखवलं. गोल्डबर्गर त्याआधीच, 1929 मध्ये, गेले होते.

बाजूच्या कॉटवर एक पन्नाशीचा माणूस होता, दारूने खंगलेला. त्याच्याही हातांवर तीच रेघ. निवासी डॉक्टर म्हणाली, आता हा रोग बघायला मिळतो तो जास्त करून असा: दारू पिणारे, एकटे म्हातारे, टीबीच्या गोळ्या घेणारे, ज्यांचं आतडं अन्न शोषतच नाही असे. पूर्वीसारखी गावंच्या गावं आता नसतात.

गोळी सुरू झाल्यावर आधी जीभ शांत झाली. मग जुलाब थांबले. आणि एका सकाळी मी डबा घेऊन गेले तर आप्पा उठून बसलेले, मला बघून म्हणाले, "काय बघलालीस? चहात साखर घालायला सांग की त्या बाईला." आई कुठे आहे हे त्यांनी विचारलं नाही. भावाला फोन केला. न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलेली होती, ती त्याने रद्द केली. कातडीला मात्र वेळ लागला. काळे पापुद्रे हळूहळू सुटत गेले, खाली गुलाबी, कोवळी कातडी. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गळ्याला उपरणं, मे महिन्यात, सोलापुरात. त्या अवतारावरून गल्लीत झालेली चेष्टा वेगळी.

घरी आल्यावर खरा वाद झाला तो भाकरीवरून. पेलाग्रा ज्वारीने होतो असं भावाने कुठेतरी वाचलं आणि फर्मान काढलं, ज्वारी बंद, पोळी सुरू. हे अगदीच हवेतलं नव्हतं. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 साली हैदराबादेहून नेमकं हेच मांडलं होतं: दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होतो, आणि ज्वारीत जास्त असलेलं ल्यूसीन हे अमिनो आम्ल त्यामागे असावं. त्यावर पुढे बरीच उलटसुलट चर्चा झाली, ब-6 चा मुद्दा आला, सगळ्यांना ल्यूसीनचं कारण पटलं नाही. मक्याचं कारण वेगळं, त्यातलं नायासिन बांधलेलं असतं, पचत नाही. मेक्सिकोत लोक मका चुन्याच्या निवळीत शिजवून खात आले म्हणून त्यांना हा त्रास फारसा झाला नाही, आणि मका युरोपात गेला तो चुन्याची रीत मागे ठेवून. हे सगळं खरं. पण भावाला मी एवढंच विचारलं: आपले आजोबा, पणजोबा काय खात होते? मंगळवेढ्याची मालदांडी खाऊन पिढ्या गेल्या, तिला आज भौगोलिक मानांकन आहे. त्यातल्या किती जणांच्या गळ्याला हार होता?

त्यांच्या भाकरीवर शेंगाची चटणी होती. 100 ग्रॅम शेंगदाण्यात 12 मिलिग्रॅमच्या आसपास नायासिन असतं. बसून काम करणाऱ्या पुरुषाची दिवसाची गरज 14, मध्यम मेहनत करणाऱ्याची 18. शिवाय शेंगदाण्यात प्रथिनं. म्हणजे उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली ती लाल चटणी चवीपुरती नव्हतीच. आमटीत दाण्याचं कूट, वांग्यात दाण्याचं कूट, वर दही. आप्पांच्या ताटातून दात गेले तशी चटणी गेली, आई गेली तसं कूट गेलं, टीबी आला तसं दूध गेलं. उरली भाकरी, आणि आळही तिच्यावरच आला. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, भाकरी चालू दे, एकटी नको.

मग आता असं चालतं. चटणी मी मिक्सरमध्ये अगदी बारीक करून देते, तिखट कमी, ती दह्यात कालवून मऊ होते आणि हिरड्यांना लागत नाही. उखळातली चव येत नाही हे आप्पा रोज सांगतात. ओली भाकरी शेजारच्या मावशी टाकून देतात, तिचे त्याच दह्यात कुस्करून चार घास. मुगाची डाळ घट्ट, तिचं नुसतं पाणी चालणार नाही. रात्री पेलाभर दूध. कफाचा मुद्दा टीबीच्या डॉक्टरांनी स्वतः खोडून काढला तेव्हा कुठे ते प्यायले. अंड्याचं डॉक्टरांनी सुचवून पाहिलं. आप्पांनी माळेला हात लावला, डॉक्टरांनी विषय सोडला. टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला मिळणारे पैसे पूर्वी 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झालेत. ते आप्पांच्या खात्यात साचून पडले होते, आता त्यांतून शेंगदाणे आणि दूध येतं.

मावशी अजून म्हणतात, गेरूने निम्मी उतरली होती म्हणूनच गोळी लागू पडली. भाकरी त्यांच्या हातची असल्यामुळे मी वाद घालत नाही.

टीबीचा कोर्स पुरा झाला, थुंकी साफ आली, वजन वाढतंय. कवळीसाठी माप देऊन झालंय. कवळी आली की कडक भाकरी चटणी लावून कोरडीच खायची असं आप्पांनी दातांच्या डॉक्टरांना बजावलंय. ते म्हणतात, कवळी मोडेल. आप्पा म्हणतात, मग कडक भाकरी चावेल अशी बनवा, पैसे कशाचे घेता?